गुडघाबदल शस्त्रक्रिया आणि ‘ड’ जीवनसत्त्व : पूरक मात्रेचा उपयोग किती?

जबलपूर : कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेल्या जबलपूरला वर्षातील बहुतांश काळ भरपूर ऊन लाभते. तरीही गुडघे झिजलेल्या वृद्धांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळणे, येथे काय किंवा देशात अन्यत्र काय, नवलाचे नाही. वेदनेमुळे माणूस घराबाहेर पडत नाही, वयोमानाने त्वचेची हे जीवनसत्त्व बनविण्याची क्षमता घटते आणि खिडकीच्या काचेतून आवश्यक ते अतिनील किरण आत येत नाहीत.

हे जीवनसत्त्व आतड्यांतून कॅल्शियम शोषून घेण्यास साहाय्य करते. स्नायूंच्या बळाशीही त्याचा संबंध आहे. कृत्रिम सांधा बसविल्यानंतर मांडीचा पुढील स्नायू दुबळा होतो आणि जिना चढणे त्याच्याच जोरावर अवलंबून असते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी कमतरता भरून काढल्यास रुग्ण लवकर सावरेल, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

पुरावे मात्र तितके ठाम नाहीत. कमतरता असलेल्यांची प्रगती मंद असल्याचे काही निरीक्षणांत दिसले. परंतु ज्याचा गुडघा अधिक बिघडलेला, तोच उन्हात कमी जातो. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? झिजलेल्या, पण शस्त्रक्रिया न झालेल्या गुडघ्यांवर दोन वर्षांच्या दोन चाचण्या झाल्या. बोस्टन येथील १४६ रुग्णांचे निष्कर्ष २०१३ मध्ये, तर ऑस्ट्रेलियातील ४१३ रुग्णांचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींत या जीवनसत्त्वाने वेदना किंवा कूर्चेची झीज लक्षणीयरीत्या रोखली नाही.

कमतरता सिद्ध झाल्यास उपचार करावेतच. रक्तातील प्रमाण प्रतिमिलिलिटर २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास सामान्यतः कमतरता मानली जाते. ती भरून येण्यास काही आठवडे लागतात, म्हणून तपासणी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी करून फारसे साधत नाही. प्रौढांची दैनंदिन गरज सुमारे ६०० एकके असताना औषधाच्या दुकानातील पुडीत ६०,००० एकके असतात. ती स्वस्त असल्याने अनेकजण सल्ल्याविना घेत राहतात. वर्षातून एकदाच पाच लाख एककांची मात्रा दिलेल्या वृद्ध स्त्रियांमध्ये पडण्याचे आणि अस्थिभंगाचे प्रमाण उलट वाढल्याचे ऑस्ट्रेलियातच २०१० मध्ये आढळले होते. नवा गुडघा बसविलेल्यास पडणे परवडणारे नाही.

अतिसेवनाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ही पुडी घेण्यापूर्वी डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी.