दत्तक कुत्रा परत करताना

संस्थेतून दत्तक आणलेला कुत्रा गुरगुरला, अंगावर आला की घरचे हबकतात. पण अशा आक्रमकतेच्या मुळाशी बहुतेकदा भीती असते, नाहीतर दुखणं. कानाला हात लावताच चावणाऱ्याचा कान आतून ठणकत असू शकतो. म्हणून पहिली फेरी पशुवैद्याकडे. गुरगुरल्याबद्दल मारू तर मुळीच नये. ती पूर्वसूचना असते; ती दाबली की कुत्रा न सांगता चावतो.

एवढं करूनही घरात रांगतं मूल असेल आणि दात लागत असतील, तर कुत्र्याला परत करणं हा क्रूरपणा नव्हे. ‘जीव लावलाय, आता टाकायचा कसा?’ हा आक्षेप मनापासूनचा असतो. पण गच्चीवर कायम साखळीला बांधणं हेही टाकणंच, आणि त्याने तो अधिक बिथरतो. चावण्याबद्दल संस्थेला खरं सांगितलं तर त्याला दुसरं घर मिळणार नाही, असंही वाटतं. उलट, तो कुणाला, केव्हा, कशामुळे चावला हे लपवलं, तर तो पुन्हा चुकीच्याच घरी जातो. संस्थेला सगळं लिहून द्या. गुपचूप लांब नेऊन मात्र सोडू नका: उपासमार होईल अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.