आत कोणता ट्यूनर आहे?

यूएसबीत खोचायचा हा डोंगल मुळात टीव्ही पाहण्यासाठी बनला. डीव्हीबी-टी पद्धतीचं डिजिटल प्रक्षेपण लॅपटॉपवर दिसावं, एवढंच त्याचं काम. आज जगभरचे हौशी लोक त्याच डोंगलवर विमानांचे संदेश पकडतात, अंगणातल्या बिनतारी तापमापकांचे आकडे वाचतात, हॅम मंडळींच्या गप्पा ऐकतात. चिप तीच राहिली. तिच्याशी बोलणारं सॉफ्टवेअर नवं आलं. पडद्यावर रंगीत धबधब्यासारखा उतरणारा स्पेक्ट्रम सगळ्यांना भुरळ घालतो. तो तिथवर पोचावा म्हणून खाली राबणारा ड्रायव्हर मात्र चालेनासा झाला तरच लोकांना आठवतो.

इतिहास थोडक्यात असा. रेडिओमधली गाळणी, मिक्सर, डिमॉड्युलेटर ही कामं गणिताने संगणकावर करायची कल्पना जुनीच. एरिक ब्लॉसम यांनी जॉन गिलमोर यांच्या पाठबळावर २००१ मध्ये ग्नू रेडिओ हा मुक्त प्रकल्प सुरू केला आणि ती सर्वांसाठी खुली झाली. पण त्याला साजेसा रिसीव्हर महाग होता. या टीव्ही डोंगलमधल्या रिअलटेकच्या आरटीएल२८३२यू या चिपमध्ये एक स्वस्त वाट दडलेली होती. एफएम आणि डिजिटल रेडिओ ऐकवण्यासाठी ही चिप टीव्हीचं डिकोडिंग बाजूला ठेवते आणि कच्ची सॅम्पल थेट संगणकाकडे पाठवते. एरिक फ्राय यांनी २०१० मध्ये यूएसबीवरची देवाणघेवाण तपासून ही वाट हेरली. फिनलंडच्या अँटी पालोसारी यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये ती लिनक्सच्या विकासकांसमोर मांडली. पुढे ऑस्मोकॉम या मुक्त सॉफ्टवेअरच्या गटात स्टीव्ह मार्कग्राफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आरटीएल-एसडीआर’ ही लायब्ररी घडवली.

या लायब्ररीत डोंगल उघडणारं एक फंक्शन आहे. थोडं थांबून वाचावं असं ते आहे.

डोंगलच्या पोटात दोन मुख्य चिप असतात. अँटेनाकडून येणारा सिग्नल आधी ट्यूनरकडे जातो. हवी ती फ्रिक्वेन्सी निवडून तो ती खाली उतरवतो. मग आरटीएल२८३२यू तिची आठ-आठ बिटांची सॅम्पल करून यूएसबीवर सोडते. अडचण ट्यूनरची. एकाच रंगारूपाच्या डब्यांत उत्पादकांनी हाताला लागेल तो ट्यूनर बसवला: इलॉनिक्सचा ई४०००, राफाएल मायक्रोचा आर८२०टी किंवा आर८२८डी, फिटीपॉवरचे एफसी००१२ आणि एफसी००१३, शिवाय एफसी२५८०. डब्यावर नाव लिहिलेलं नसतं आणि यूएसबीच्या ओळखक्रमांकावरूनही खात्री होत नाही.

म्हणून लायब्ररी वाड्यात नव्याने आलेल्या पोस्टमनसारखी दारोदार विचारत जाते. ट्यूनर मुख्य चिपच्या मागे आयटूसी नावाच्या दोन तारांच्या मार्गावर असतो. त्या मार्गाचं फाटक आधी उघडावं लागतं. मग ठरलेल्या पत्त्यावर जाऊन ठरलेलं एक रजिस्टर वाचायचं. हेक्साडेसिमल सी८ या पत्त्यावर ४० हे उत्तर आलं, तर आत ई४००० आहे. ३४ या पत्त्यावर ६९ आलं, तर आर८२०टी. तेच ६९ हे उत्तर ७४ या पत्त्यावरून आलं, तर आर८२८डी. एफसी००१२ आणि एफसी००१३ यांचा पत्ता एकच, सी६. उत्तर ए१ आलं की पहिला, ए३ आलं की दुसरा. एफसी२५८० आणि एफसी००१२ यांची पाळी येण्याआधी तर एका पिनेवर एक आणि मग शून्य पाठवून ट्यूनर रीसेट करावा लागतो, म्हणजे तो बोलता होतो. जेमतेम काही डझन ओळींचा हा कोड. पण त्यातला एकेक आकडा कोणीतरी हातातलं हार्डवेअर तपासून, सुट्या दस्तऐवजांशी ताडून मिळवलेला आहे.

ओळख पटली की वागणूक ठरते. समजा, पुण्यात कोणी विविध भारतीसाठी १०१ मेगाहर्ट्झ लावलं. ई४००० सिग्नलला थेट शून्यावर उतरवतो. आर८२०टीची रीत वेगळी: तो सिग्नलला ३.५७ मेगाहर्ट्झवर आणून सोडतो. त्यामुळे लायब्ररी त्याच्या आंदोलकाला १०४.५७ मेगाहर्ट्झवर बसवते आणि उरलेलं ३.५७चं अंतर भरून काढायला मुख्य चिपला सांगते. ऐकणाऱ्याला पडद्यावर फक्त १०१ दिसतं. चांगल्या हार्डवेअर सपोर्टची खूण हीच, की वापरणाऱ्याला यातलं काहीही ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

ही बेरीज-वजाबाकी किती नाजूक आहे, ते २०२३ मध्ये आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही४ हा डोंगल आला तेव्हा कळलं. त्यात आर८२८डी बसवला होता आणि लायब्ररीला तो आधीपासून ठाऊक होता, त्यामुळे ७४ या पत्त्यावर ओळखही बिनचूक पटत होती. पण जुन्या समजुतीनुसार आर८२८डीसोबत १६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल असायचं. व्ही४मध्ये ते २८.८चं. क्रिस्टल म्हणजे ट्यूनरचं घड्याळ; फ्रिक्वेन्सीचा सगळा हिशेब त्यावर चालत असल्यामुळे जुनी लायब्ररी १.८ पटीने चुकायची. मग ट्यूनरमधला पीएलएल, म्हणजे फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा भाग, लॉक झाला नाही असे इशारे यायचे आणि वापरणाऱ्याला वाटायचं, वस्तूच खराब निघाली.

व्ही४ची मागणी एवढ्यावर थांबत नव्हती. त्याच्या ट्यूनरला तीन इनपुट आहेत आणि २८.८ मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरींसाठी आत एक अपकन्व्हर्टर आहे. पुणे आकाशवाणीची मध्यम लहरींवरची ७९२ किलोहर्ट्झ मागितली, तर ड्रायव्हरने गुपचूप २८.८ मिळवून ट्यूनरला २९.५९२ मेगाहर्ट्झवर न्यायचं आणि इनपुटही बदलायचं. २५० मेगाहर्ट्झच्या पुढे तिसरं इनपुट. नव्या लायब्ररीत हे सगळं आलं. ती बसवली की वरचं एकही ॲप्लिकेशन न बदलता व्ही४ चालू लागतो, आणि हे काम खरोखर वाखाणण्याजोगं आहे.

पण रिसीव्हर काही एकाच घराण्याचे नाहीत. हॅकआरएफ, एअरस्पाय, एसडीआरप्ले, लाइमएसडीआर अशी नावं वाढत गेली. प्रत्येक ॲप्लिकेशनने प्रत्येकासाठी वेगळा कोड लिहायचा, तर तो गुणाकार कोणालाच झेपणारा नव्हता. जॉश ब्लम यांच्या सोपीएसडीआरने मधला मार्ग काढला. रिसीव्हरसाठी एक मॉड्यूल लिहायचं. फ्रिक्वेन्सी लाव, गेन ठेव, सॅम्पल वाच ही फंक्शन सगळ्यांना सारखी. क्युबिकएसडीआरसारखं ॲप्लिकेशन एवढ्या फंक्शनांवर वेगवेगळे रिसीव्हर चालवतं.

आश्वासन मोठं आहे, आणि अडचणी तिथूनच सुरू होतात. आधी गेन घ्या. आर८२०टीसाठी लायब्ररीत शून्यापासून ४९.६ डेसिबलपर्यंत २९ ठरीव पायऱ्या आहेत. हॅकआरएफमध्ये गेनच्या तीन जागा: एक ॲम्प्लिफायर नुसता चालू किंवा बंद, दुसरा ८ डेसिबलच्या पायऱ्यांनी ४०पर्यंत, तिसरा २च्या पायऱ्यांनी ६२पर्यंत. एसडीआरप्लेमध्ये तर आकडा गेन किती कमी करायचा ते सांगतो. आकडा वाढला की आवाज क्षीण. या सगळ्यांसाठी पडद्यावर एकच सरकपट्टी ठेवली, तर ती जागच्या जागी ठेवूनही प्रत्येक रिसीव्हरवर वेगळंच ऐकू येतं. जवळ दणदणीत एफएम ट्रान्समीटर असलेल्या शहरात पुढचा टप्पा आधीच तुंबतो, आणि तिथे गेनची आपोआप केलेली वाटणी हमखास फसते.

मग सॅम्पल रेट. आरटीएल२८३२यूसाठी लायब्ररी सेकंदाला सव्वादोन ते तीन लाख सॅम्पल देते, नऊ लाखांपासून ३२ लाखांपर्यंत देते; मधला पट्टा साफ नाकारते. न गळता मिळतील याचा भरवसा २४ लाखांपर्यंत. बिनतारी तापमापक वाचणारं आरटीएल_४३३ हे सॉफ्टवेअर मुळात अडीच लाखांवर बेतलेलं. हॅकआरएफ २० लाखांच्या खाली उतरायला तयार नाही. म्हणजे नुसतं मॉड्यूल जोडून भागत नाही, ॲप्लिकेशनच्या गृहीतकांनाही हात घालावा लागतो.

साल्वातोरे सानफिलिप्पो यांच्या डम्प१०९०मध्ये ही गृहीतकं उघड दिसतात. विमानांचे १०९० मेगाहर्ट्झवरचे संदेश वाचणारा हा प्रोग्राम आरटीएल डोंगलसाठी लिहिला गेला. प्रत्येक बिट एक मायक्रोसेकंदाचा, म्हणून सेकंदाला २० लाख सॅम्पल. प्रत्येक सॅम्पल शून्य ते २५५मधलं, म्हणून त्यातून १२७ वजा करायचे आणि सिग्नलची ताकद आधीच मांडून ठेवलेल्या तक्त्यातून उचलायची. वेगासाठी ही रचना उत्तम. पण हॅकआरएफ ऋण-धन आकडे देतो, एअरस्पाय १२ बिटांचे देतो, आणि तो तक्ता तिथे निरुपयोगी ठरतो. पुढच्या आवृत्त्यांत सॅम्पलचं रूपांतर वेगळं काढलं गेलं, तेव्हा कुठे इतर रिसीव्हरना वाट मिळाली.

कायदेशीर गाठीही आहेत. एसडीआरप्लेची लायब्ररी बंदिस्त आहे. ती कंपनीकडून उतरवून, अटी मान्य करून स्वतंत्रपणे बसवावी लागते, आणि लिनक्सवर तिची वेगळी सेवा मागे चालू राहावी लागते. तिच्यात बिघाड झाला, तर मॉड्यूल लिहिणाऱ्या स्वयंसेवकाला आत डोकावता येत नाही. तक्रार मात्र त्याच्याकडेच येते. कायद्याशी संबंध नसलेली गाठही आहे: लिनक्सचा कर्नेल आरटीएल डोंगलला आजही टीव्हीच समजतो, त्याचा टीव्हीचा ड्रायव्हर डोंगल आधी अडवून बसतो, आणि रेडिओ ऐकण्याआधी त्याला बाजूला सारावं लागतं.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ओळखीच्या प्रश्नाची. व्ही४मधला ट्यूनर इतर आर८२८डींसारखंच उत्तर देतो, त्यामुळे त्याचं वेगळेपण लायब्ररीला डोंगलच्या ईप्रॉममधल्या मजकुरावरून ओळखावं लागतं: निर्मात्याचं नाव आणि उत्पादनाचं नाव. हा मजकूर कोणालाही बदलता येतो. त्यासाठीचं साधन लायब्ररीबरोबरच मिळतं. एकाच संगणकाला दोन-तीन डोंगल जोडणारे लोक त्यांचे सिरिअल नंबर वेगळे करायला ते नेहमी वापरतात. सिरिअल नंबर बदलायला हरकत नाही. पण त्या दोन नावांना धक्का लागला, तर अद्ययावत लायब्ररीही व्ही४ला साधा आर८२८डी समजते, १६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल धरून हिशेब करते, आणि धडधाकट डोंगल काहीच ऐकवेनासा होतो.