चित्रपटाची झलक

वेदगंगेच्या काठी वसलेले मुरगूड हे कागल तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. अशा गावांतून एके काळी सुगी संपून जत्रांचे दिवस आले, की फिरता सिनेमा येत असे. माळावर तंबू उभा राही आणि दिवस कलू लागला, की एक बैलगाडी गल्लोगल्ली हिंडू लागे. तिच्या दोन्ही अंगांना रंगीत चित्रफलक बांधलेले असत. पुढे ताशा वाजे आणि गाडीत बसलेला माणूस कर्ण्यातून त्या रात्रीच्या खेळाची वर्दी देई. ‘राजाचा एकुलता एक मुलगा रानात हरवला! त्याचे पुढे काय झाले? आज रात्री पाहा!’ एवढे सांगून गाडी पुढच्या गल्लीकडे वळे. मुले तिच्यामागे धावत. पण राजपुत्राचे पुढे काय झाले, हे त्या माणसाला विचारून काही उपयोग नसे. तो नुसता हसे आणि तंबूकडे बोट दाखवी.

आज ती बैलगाडी दिसत नाही. तिचे काम आता चित्रपटगृहाचा पडदा, दूरचित्रवाणी आणि हातातील मोबाइल करतो. नवा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी त्याची दोन-तीन मिनिटांची झलक दाखविली जाते. तिला ट्रेलर म्हणतात. त्याच्याही आधी येणाऱ्या, त्याहून आखूड झलकेला टीझर म्हणतात. साधने बदलली, पण युक्ती जुनीच राहिली. थोडे दाखवावयाचे आणि बरेच राखून ठेवावयाचे, हीच ती युक्ती होय.

‘ट्रेलर’ हे नाव मोठे गमतीचे आहे. बिद्रीच्या साखर कारखान्याकडे ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरमागे जी गाडी जोडलेली असते, तीही ट्रेलरच. कारण ती मागून येते. मग चित्रपटाच्या आधी येणाऱ्या झलकेला हे नाव कसे पडले? अमेरिकेत आरंभी अशा झलका खेळ संपल्यावर, त्याच्या मागोमाग दाखवीत. परंतु खेळ संपला, की लोक उठून घरची वाट धरीत. तेव्हा चालकांनी शहाणपणाने झलक खेळाच्या आधी आणली. जागा बदलली, नाव मात्र तसेच राहिले.

अर्धवट सांगितलेल्या गोष्टीत एवढे बळ कोठून येते? मनुष्याच्या मनाला अपुरेपणा सोसवत नाही. कोणी कोडे घातले आणि उत्तर न सांगता निघून गेला, तर आपल्याला चैन पडत नाही. रात्री आजी गोष्ट सांगता सांगता ‘राहिलेली उद्या’ म्हणते, तेव्हा झोप उडून जाते. लग्नात वधूवरांमध्ये अंतरपाट धरतात, तेव्हा सर्वांचे डोळे त्या पाटावरच खिळलेले असतात. जे पूर्ण झाकलेले आहे, त्याची आठवणही होत नाही. जे पूर्ण उघडे आहे, त्याचे नवल वाटत नाही. कुतूहल जागे होते ते अर्धवट उघड्या दारापाशी.

भारतीय चित्रपटाच्या जन्मकाळीच हे रहस्य ओळखले गेले होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. पुढे तो सुरतेस गेला, तेव्हा पहिल्या दिवशी अवघ्या तीन रुपयांचा गल्ला जमला, असे सांगतात. रात्रभर चालणारी नाटके पाहावयाची लोकांना सवय होती. तास-दीड तासाच्या खेळासाठी कोण पैसे मोजणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरातच बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे, असा तिचा आशय होता. हे दोन मैलांचे चित्र आहे तरी कसे, ते पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. कथा तीच, चित्रपट तोच. बदलला होता तो फक्त लोकांच्या मनात जागा झालेला प्रश्न.

फाळक्यांनी आकड्यांतून जे साधले, ते कोल्हापूरच्या एका कलावंताने रंगरेषांतून साधले. बाबुराव मेस्त्री (१८९०–१९५४) हे नाटकांचे पडदे रंगविणारे चित्रकार; म्हणूनच लोक त्यांना बाबुराव पेंटर म्हणत. चित्रपटाने ते व त्यांचे आतेबंधू आनंदराव भारून गेले. स्वतःच कॅमेरा बनविण्याचा ध्यास दोघांनी घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तरी बाबुरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० साली प्रदर्शित झाला.

आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके बाबुराव स्वतः रंगवीत. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिकाही ते छापून वाटत. आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपटांच्या सचित्र भित्तिपत्रकांत त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक सर्वांत जुने मानले जाते. भित्तिपत्रकाला आवाज नसतो, हालचाल नसते. शेकडो प्रसंगांतून त्याला एकच क्षण निवडावा लागतो. तलवार उगारलेली दाखविली, तर पाहणारा थबकतो. ती म्यान झालेली दाखविली, तर तो पुढे चालू लागतो. तेव्हा क्षण निवडणे, हाच या कलेचा प्राण होय.

आजचा ट्रेलर असे पुष्कळ क्षण निवडतो आणि ते एका माळेत ओवतो. ही माळ कशी गुंफतात, ते हरिश्चंद्राच्याच कथेवरून पाहू. प्रथम राजवैभव दिसते. राजा, राणी तारामती आणि लहानगा रोहिदास आनंदात आहेत. ही दृश्ये संथ असतात, कारण पाहणाऱ्याला ती माणसे आपली वाटावयास हवीत. ज्याच्याशी आपली ओळख नाही, त्याची काळजी आपल्याला कशी वाटणार? मग विश्वामित्र येतात आणि संगीताचा सूर बदलतो. आता दृश्ये आखूड होऊ लागतात: रिकामे सिंहासन, अनवाणी पावले, काशीचा बाजार. त्यांची गती वाढते, वाद्यांचा आवाज चढतो. शेवटी रात्रीचे स्मशान दिसते. राजाच्या हातात तलवार आहे, समोर तारामती मान खाली घालून बसली आहे. तलवार वर जाते आणि त्याच क्षणी सारा आवाज थांबतो. पडदा काळा होतो. त्यावर चित्रपटाचे नाव आणि प्रदर्शनाची तारीख उमटते.

ती अचानक आलेली शांतता मोठ्या आवाजाहूनही अधिक बोलते. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हरिश्चंद्राची कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. तरीही तलवार वर जाताच छातीत धस्स होते. म्हणजे केवळ शेवट लपविल्याने उत्कंठा निर्माण होत नाही. ज्याच्यावर संकट आले आहे, त्याच्याविषयी वाटणाऱ्या मायेने ती निर्माण होते.

काही कलावंतांनी तर चित्रपटातील प्रसंग न दाखविताही ही किमया केली. इंग्लंडमध्ये जन्मलेले आल्फ्रेड हिचकॉक हे रहस्यपटांचे नामांकित दिग्दर्शक. १९६० साली ‘सायको’ या चित्रपटाच्या साडेसहा मिनिटांच्या ट्रेलरमध्ये ते स्वतःच चित्रपटातील घर दाखवीत फिरतात. एखाद्या खोलीपाशी थांबून तेथे काय घडले ते सांगू लागतात आणि वाक्य अर्ध्यावर सोडून देतात. मुरगूडच्या गल्लीत कर्णा घेऊन फिरणारा माणूस तरी याहून वेगळे काय करीत होता?

परंतु कुतूहल जागे करणे वेगळे आणि फसविणे वेगळे. बाजारात एखादा विक्रेता टपोरी फळे वर मांडतो आणि किडकी खाली दडवितो. तसेच काही ट्रेलर चित्रपटातील चार चांगले प्रसंग पुढे करतात आणि बाकीचा चित्रपट पोकळ निघतो. चित्रपटगृहात दाखवावयाच्या ट्रेलरलाही आपल्या देशात १९५२ च्या कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र घ्यावे लागते. तो लोकांना दाखविण्यास योग्य आहे की नाही, हे त्यात पाहिले जाते. चित्रपट चांगला आहे की नाही, हे नव्हे. ती पारख प्रेक्षकालाच करावी लागते.

या पारखीसाठी फाळक्यांच्या जाहिरातीकडे पुन्हा एकदा पाहू. चित्रपटाच्या एक फूट फितीवर सोळा छायाचित्रे मावतात. या हिशेबाने सत्तावन्न हजार छायाचित्रांची फीत सुमारे ३,५६० फूट भरते. मैल तर ५,२८० फुटांचा! म्हणजे छायाचित्रांचा आकडा खरा मानला, तर दोन मैल ही निव्वळ अतिशयोक्ती ठरते. चित्र पाऊण मैलाचेही नव्हते. मग लोकांनी फाळक्यांना दोष का दिला नाही? हलणारी चित्रे दाखविण्याचे आणि हरिश्चंद्राची कथा डोळ्यांपुढे उभी करण्याचे वचन त्यांनी पाळले होते. तरीही गणित जाणणाऱ्या मुलाने जाहिरात वाचताना हातात पेन्सिल घ्यावी, हेच बरे.

झलक पाहून मन हरखले, तर त्यात गैर काही नाही. मात्र हिने आपल्या मनात कोणता प्रश्न जागा केला आणि चित्रपटाने त्याचे उत्तर दिले का, हे सुज्ञ प्रेक्षक स्वतःला विचारतो. पहिल्या खेळाचा तंबू जाहिरातीने भरतो. दुसऱ्या दिवशीचा तंबू मात्र आदल्या रात्री घरी गेलेले लोक पाणवठ्यावर आणि पारावर काय सांगतात, त्यावर भरतो.

स्वाध्याय
१. ‘ट्रेलर’ हे नाव कसे पडले?
२. ठाऊक असलेल्या कथेविषयीही उत्कंठा का वाटते?
३. तुमच्या आवडत्या धड्यातील एकच प्रसंग निवडून त्याचे भित्तिपत्रक तयार करा. तोच प्रसंग का निवडला, ते पाच ओळींत लिहा.