पहिले विमान संथ असावे

रिमोटवर उडणारे विजेचे पहिले मॉडेल विमान घेताना बहुतेकांची नजर आधी रूपावर जाते आणि मग किमतीवर. लढाऊ विमानांच्या प्रतिकृती तर मोह पाडतातच. पण दुकानदाराला आधी दोन आकडे विचारावेत: बॅटरीसह वजन किती आणि पंखाचे क्षेत्रफळ किती? वजनाला क्षेत्रफळाने भागले की पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर किती भार येतो ते कळते. नवशिक्याच्या हातात विमान टिकेल की नाही, हे त्या एका आकड्यावर बरेचसे ठरते. हवेत तरंगण्यासाठी लागणारा किमान वेग या पंखभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पंख तोच ठेवून वजन दुप्पट केले, तर वेग सुमारे १.४ पट लागतो. आपटण्याची ऊर्जा मात्र वजनावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती चौपट होते. शिकणाऱ्याचे विमान आपटणारच, हे गृहीत धरले पाहिजे. मग हळू आणि हलके आपटेल असेच घ्यावे.

जर्मनीतील मल्टिप्लेक्स कंपनीचे ‘ईझीस्टार’ हे मॉडेल या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. पंखांचा विस्तार सुमारे १.३७ मीटर, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, पंखभार चौरस डेसिमीटरला ३० ग्रॅमच्या जवळपास. असे विमान ताशी तीस किलोमीटर वेगातही हवेत टिकते, त्यामुळे चूक लक्षात यायला आणि सुधारायला अवधी मिळतो. मोटर आणि प्रोपेलर पंखाच्या मागे असल्याने नाक जमिनीत घुसले तरी ते बहुधा वाचतात. पंख धडाच्या वर बसवलेले आणि टोकांकडे उचललेले. विमान एका बाजूला कलून तिकडे घसरू लागले, की खालच्या पंखाला हवा अधिक कोनातून भेटते, त्याची उचल वाढते आणि विमान आपणहून सरळ होऊ पाहते. मूळ ईझीस्टारला एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारे पंखांवरचे पट्टे, नव्हतेच; शेपटीवरचे रडर (डावे-उजवे) व एलिव्हेटर (वर-खाली) आणि मोटर एवढीच नियंत्रणे. एलेरॉन नसलेले विमान म्हणजे खेळणे, त्यावर खरे उड्डाण शिकता येत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. मला तो पटत नाही. नवशिक्याला सर्वांत जड जाते ते विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना, कारण तेव्हा त्याचे डावे आपल्या उजव्या हाताला येते. हा गोंधळ सरावानेच जातो आणि तोवर विमानाने स्वतःचा तोल स्वतः सांभाळणे फार मोलाचे असते. एलेरॉन दुसऱ्या मॉडेलवर शिकता येतात.

यानंतरचा प्रश्न तयार विमान घ्यायचे की किट, हा. मी किटच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण हस्तकलेच्या आनंदापुरते नाही. उड्डाणातले कितीतरी दोष टेबलावरच जन्माला येतात. पंख चिकटवताना किंचित पिळला गेला, तर विमान सतत एकीकडे ओढते आणि वेग कमी झाला की त्याच बाजूचा किंवा दुसरा पंख टाकून कोसळते. म्हणून गोंद वाळेपर्यंत पंख सपाट फळीवर वजने ठेवून दाबून ठेवायचा. शेपटीची दोन्ही टोके पंखांच्या टोकांपासून सारख्या अंतरावर आहेत का, हे दोऱ्याने मोजायचे. थर्माकोलच्या जातीचा फोम असेल तर साधा इन्स्टंट ग्लू तो विरघळवतो. फोमसाठीचा वेगळा गोंद घ्यायचा. सर्वांत महत्त्वाचा गुरुत्वमध्य. एकसारख्या रुंदीच्या साध्या पंखावर तो पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांवर हवा, म्हणजे १८ सेंटिमीटर रुंद पंखात साडेचार ते साडेपाच सेंटिमीटरवर. पंखाखाली दोन बोटे धरून विमान तोलायचे आणि बॅटरी पुढेमागे सरकवायची. थोडे नाकजड विमान मंदपणे वागते, पण उडते. शेपटीजड विमान एलिव्हेटरच्या जराशा हालचालीने उसळते आणि हाताबाहेर जाते. हे सारे स्वतः जुळवलेल्या माणसाला अपघातानंतर काय तपासायचे ते ठाऊक असते.

तयार विमानांत आता जायरो असतो, तो तोल सांभाळतो, मग एवढा खटाटोप कशाला? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जायरो वाऱ्याचे हेलकावे खरोखर चांगले सावरतो. पण वेग किमान पातळीखाली गेलेल्या पंखात तो उचल निर्माण करू शकत नाही, आणि त्याची दिशा चुकून उलटी लागली असेल तर प्रत्येक हेलकावा तो वाढवतच नेतो. ते हातात विमान धरून आधी ओळखायचे, तर कोणता पृष्ठभाग कुठे वळायला हवा हे कळायला लागते. वेळेचा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. फासळी-फासळी जोडून बाल्साचे विमान करणे पहिल्या खेपेला अति होते, लहान मुलांचा तर धीर सुटतो. कापून आलेल्या फोमचे किट दोन-तीन सुट्ट्यांत उभे राहते आणि वर सांगितलेले धडे त्यातही सगळे मिळतात.

बॅटरी आज हलकी झाली, म्हणून असे हलके विमान विजेवर उडवणे शक्य आहे. १९५७ साली इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे मॉडेल विजेवर उडवले, ते चांदी-जस्ताच्या बॅटऱ्या वाहून. आता सातशे ग्रॅमच्या विमानाला शंभरेक वॉट पुरतात: तीन सेलची ११.१ व्होल्टची लिथियम-पॉलिमर बॅटरी, नऊ अँपिअर प्रवाह, त्याला २० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारा घटक. या बॅटरीशी हयगय नको. एका सेलला ४.२ व्होल्टपेक्षा जास्त चढवले तर आग लागू शकते, ३ व्होल्टखाली उतरवले तर सेल बिघडतो. बॅलन्स चार्जरच वापरावा, आणि चार्जिंग चालू असताना समोर बसावे.

संथपणाचा आणखी एक लाभ मैदानात दिसतो. तेवढेच कलून घेतलेल्या वळणाचा घेर वेगाच्या वर्गाने वाढतो, १.४ पट वेगाच्या विमानाला दुप्पट घेर लागतो. संथ विमान त्यामुळे शाळेच्या मोठ्या मैदानातही वळू शकते. मात्र जागा पुरते म्हणून परवानगी आहे असे नव्हे. आपल्याकडे ‘ड्रोन नियम, २०२१’ खाली आकाश लाल, पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्यांत विभागले आहे, आणि विमानतळाजवळच्या गावांना हे निर्बंध जाचतात. किटचे पैसे भरण्याआधी सरकारी नकाशावर आपले मैदान कोणत्या पट्ट्यात येते आणि नोंदणीची अट काय आहे, ते पाहून घ्यावे.