मत्स्यवैद्यक शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस मिळणारे अर्थसाहाय्य

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. दिघोरीसारख्या धानाच्या मुलखातील गावांत तलावाच्या पाण्यावर शेते भिजतात आणि त्याच पाण्यात रोहू, कटला, मृगळ व मरळ वाढते. जुन्या मालगुजारांनी बांधलेले हे तलाव १९५१ साली मालगुजारी संपल्यावर शासनाकडे आले. आज त्यांतील पुष्कळ तलाव मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याने घेतात. ठेक्याची रक्कम, मत्स्यबीजाची किंमत व वर्षभराची राखण एवढे सर्व पाण्यात घातल्यावर एखाद्या सकाळी मासे उलटे तरंगताना दिसले, तर संस्थेच्या सभासदांनी कोणाकडे धाव घ्यावी? गाय आजारी पडली तर पशुवैद्यकीय दवाखाना आहे. माशाच्या वैद्याची वाट मात्र अद्याप अनेक गावांना ठाऊक नाही.

माशाचा रोग ओळखणे हे गुराचा रोग ओळखण्याहून वेगळे काम आहे. उन्हाळ्यात किंवा सतत ढगाळ हवेत पहाटेच्या वेळी पाण्यातील प्राणवायू कमी पडून मासे मरतात. हा रोग नव्हे, पाण्याचा दोष आहे. हिवाळ्यात मरळीच्या अंगावर खोल व्रण पडतात, ते एका बुरशीमुळे. ही साथ भारतात १९८८ साली ईशान्येकडील राज्यांतून शिरली आणि नंतर देशभर पसरली. अंगाला चिकटलेल्या माशांच्या उवा हा आणखी निराळा प्रकार. तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि ओळख चुकली तर चुना असो वा औषध, पैसा पाण्यात जातो. शिवाय एकेक मासा धरून तपासता येत नाही. वैद्याला आधी पाणी तपासावे लागते व औषधाची मात्रा तलावाच्या पाण्यावरून ठरवावी लागते. असे ज्ञान असलेला तरुण गावातूनच तयार झाला तर त्याचे मोल मोठे आहे, आणि त्याच्या शिक्षणाचा खर्च घरच्या धानावर भागणे कठीण आहे.

मत्स्यवैद्यक या नावाची स्वतंत्र पहिली पदवी आपल्याकडे रूढ नाही. तिकडे जाणारे मार्ग दोन आहेत. पहिला पशुवैद्यकीय पदवीचा. बारावीस जीवशास्त्र घेऊन नीट परीक्षा द्यावी लागते आणि अभ्यासक्रम एका वर्षाच्या प्रत्यक्ष सेवेसह साडेपाच वर्षांचा आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार नोंदणी झालेल्या पदवीधरासच पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येतो. दुसरा मार्ग मत्स्यशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीचा. तेथील प्रवेश एमएचटी-सीईटीच्या गुणांवर होतो व पुढे जलचर प्राण्यांच्या आरोग्याचा विशेष अभ्यास करता येतो. दिघोरीकरांचे सुदैव असे की दोन्ही महाविद्यालये नागपुरातच आहेत. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ साली स्थापन झाले. ते व नागपूरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय ही दोन्ही २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहेत.

आता साहाय्याकडे वळू. शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असल्यास, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. गोंड व इतर अनुसूचित जमातींनाही अशीच शिष्यवृत्ती आहे. ढिवर, कहार, केवट या मच्छीमार जातींचा समावेश महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात होतो आणि त्या प्रवर्गासाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची योजना आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील विद्यार्थ्यांकरिता राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये. मुलींच्या पालकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्काची शंभर टक्के सवलत मिळू लागली.

परंतु शुल्क माफ झाले म्हणजे खर्च संपला, अशी समजूत करून घेऊ नये. नागपुरात राहणे व जेवणे हाच खेड्यातील कुटुंबाच्या कंबरेवरचा खरा भार आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयम्, आणि इतर मागास व भटक्या जमातींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजनांतून निर्वाहाची रक्कम मिळते. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ही रक्कम विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न बँक खात्यात जमा होते, पण वर्षारंभी हातात पडेलच असा भरवसा धरू नये. पहिल्या सहामाहीचा खर्च घरून उभा करण्याची तयारी ठेवणे शहाणपणाचे.

शिष्यवृत्ती हुकते ती गुणांपेक्षा कागदांमुळे अधिक. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज निकालानंतर केला तर तो प्रवेशाच्या वेळेपर्यंत निकाली निघत नाही. म्हणून अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत तो जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यावा. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या कुटुंबांस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. तो आजोबा-पणजोबांच्या शाळेतील दाखलखारीज नोंदीत किंवा कोतवाल बुकात सापडतो आणि तो शोधण्यास महिने लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र हे तहसील कार्यालयामार्फत मिळवावयाचे कागद आहेत. आईवडिलांच्या नावांतील अक्षरे सर्व कागदांवर एकसारखी आहेत की नाहीत, हे आधीच पाहावे. एका वेलांटीपायी अर्ज परत आल्याची उदाहरणे थोडी नाहीत. तसेच शिष्यवृत्तीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, हेही विसरू नये.

एवढे करूनही तूट राहिलीच, तर बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा विचार करावा. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास पत हमी निधीचा आधार असल्याने तारण द्यावे लागत नाही. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्यास, केंद्राच्या योजनेस पात्र संस्थेतील विद्यार्थ्यास अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतर एक वर्ष, एवढ्या मुदतीच्या व्याजाचे अनुदान मिळू शकते. धानाच्या पिकावर सावकाराकडून पैसा उचलण्यापूर्वी ही वाट अवश्य तपासावी.

पदवीनंतरचा मार्ग तुलनेने सोपा आहे. पशुवैद्यकीय विद्यार्थ्यास सेवावर्षात विद्यावेतन मिळते, आणि पुढे विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा परोपजीवीशास्त्र घेऊन तो माशांच्या रोगांकडे वळू शकतो. मत्स्यशास्त्राच्या पदवीधरास मुंबईत वर्सोवा येथील, १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जलचर प्राण्यांच्या आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. तेथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रवेश परीक्षेतील गुणवंतांस दरमहा शिष्यवृत्ती आहे. परदेशात २००६ साली स्थापन झालेली जागतिक जलचर पशुवैद्यक संघटनाही विद्यार्थ्यांना प्रशिक्षण व परिषदांसाठी लहानसे साहाय्य करते. त्यातून शुल्क भागत नाही, मात्र दुसऱ्या देशातील मत्स्यशेतीवर काही आठवडे काम शिकण्यास ते उपयोगी पडते.