चेकर प्लेट डेकवर कशी धरावी?

मंडळी, आता त्या प्रश्नाकडे येतो: पन्हळी डेक शीटवर चेकर प्लेट टाकली, तर ती धरायची कशाने? पुष्कळांचं उत्तर ठरलेलं असतं, "वजनच एवढं आहे, हलेल कशाला?" 6 मिलिमीटर जाडीची, अडीच मीटर बाय सव्वा मीटर प्लेट जवळजवळ 150 किलो भरते, हे खरं. पण नांदेडचं ऊन तिला हलवतं.

हिशेब करू. पोलाद दर अंशाला मीटरमागे 0.012 मिलिमीटर वाढतं. प्लेट उन्हात, बीम सावलीत. फरक 25 अंशांचा धरा. अडीच मीटरला वाढ पाऊण मिलिमीटर. किरकोळ वाटते ना? पण दोन्ही टोकं वेल्डिंगने जखडली आणि मधे काहीच धरलं नाही, तर ती जाणार कुठे? वर. मधे 25 मिलिमीटरची कमान येऊ शकते! उन्हाळाभर असं चाललं की वेल्ड तडकतो, कोपरा उचलतो. विष्णुपुरीसारख्या धरणावर पुराच्या रात्री दरवाजाकडे जाणारा माणूस मग त्यालाच अडखळतो.

म्हणून बोल्ट. एका कडेला गोल भोकं, बाकी लांबट, म्हणजे प्लेटला सरकायला जागा. मधल्या बीमवरही धरा. नुसत्या डेक शीटमध्ये स्क्रू मारून भागत नाही. मिलिमीटरभर पत्र्यात आटे किती धरणार? बोल्ट बीमपर्यंत न्या. मात्र प्लेट टेकते पन्हळीच्या माथ्यावर आणि बीम असतो तळाशी. मधल्या पोकळीत नळीचा तुकडा घाला, नाहीतर आवळताना प्लेट वाकते. आणि जस्ताच्या थरावर वेल्डिंग टाळा: थर जळतो, गंज तिथूनच सुरू होतो, धूर वेल्डरच्या छातीत जातो तो वेगळाच.