शेवटच्या रांगेपर्यंत शब्द : चित्रपटगृहासाठी ध्वनीची पातळी



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने चित्रपटगृहातील ध्वनीच्या पातळीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्याने आयुष्यभर उच्चारित शब्दाचा अभ्यास केला, त्याला तो शब्द श्रोत्यापर्यंत पोहोचतो की नाही याची चिंता असणे स्वाभाविक आहे. शिवाय आपल्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुले आता स्वतः चित्रपट करू लागली आहेत. त्यांच्या चित्रपटातील मराठी येथील प्रेक्षकाला नीट ऐकू येते का, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नव्हे.

आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा चित्रपट मूक होता. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने तो मराठीत बोलू लागला, आणि त्याबरोबर एक नवा प्रश्न आला : बोलायचे, पण किती मोठ्याने? फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीला स्वतःचीच एक खरखर असे. ती झाकण्यासाठी चित्रपटगृहात वरच्या पट्टीचे स्वर दाबले जात. १९७० च्या दशकात डॉल्बी यांच्या पद्धतीने ती खरखर पुष्कळ कमी केली. चित्रपट जेथे मिसळला जातो ती खोली आणि जेथे दाखविला जातो ते गृह, या दोन्ही ठिकाणी ध्वनी सारख्याच पातळीवर ऐकला जावा, अशी शिस्तही त्याच काळात रुजली. त्या शिस्तीचा आकडा आहे ८५ डेसिबल.

हा आकडा नेमका कशाचा, हे समजून घेतले पाहिजे. डिजिटल ध्वनीच्या मापपट्टीवर शून्य हे छत आहे. त्याच्या वर जागा नाही. जो आवाज वर जाऊ पाहतो तो फाटतो. म्हणून नेहमीचे सर्व आकडे शून्याच्या खालचे, म्हणजे उणे असतात. पातळी ठरविताना ‘पिंक नॉइज’ नावाचा, प्रत्येक सप्तकात सारखीच शक्ती असलेला, धबधब्यासारखा आवाज उणे २० या सरासरीवर वाजवितात. पडद्यामागील एकच ध्वनिक्षेपक चालू ठेवतात. प्रेक्षागृहात साधारण दोन तृतीयांश अंतरावर ध्वनिमापक धरून त्यावर ८५ दिसेपर्यंत बटण फिरवितात. डावा, मधला आणि उजवा अशा तिन्ही ध्वनिक्षेपकांसाठी हे स्वतंत्रपणे करावे लागते. भिंतींवरील ध्वनिक्षेपकांची प्रत्येक बाजू ८२ वर ठेवतात. चित्रपटगृहातील यंत्राच्या पारंपरिक बटणावर या जागी ७ हा आकडा असतो. उणे २० ला ८५, म्हणजे छताशी १०५; मोठ्या प्रसंगासाठी एवढी मोकळी जागा राखलेली असते. साधे संभाषण मात्र ७०-७५ च्या आसपास सुखाने ऐकू येते.

या पद्धतीचे मर्म असे, की आधी ऐकण्याची पातळी बांधून घ्यायची, बटणाला पुन्हा हात लावायचा नाही आणि मग कानाने मिसळायचे. तंबोरा जुळल्यावर गायक षड्ज शोधत बसत नाही, तसेच हे आहे. बटण स्थिर असले, की संवाद कानाला योग्य वाटेल तेथेच ठेवला जातो आणि चित्रपटगृहातही तो तेथेच उमटतो. म्हणून प्रथम संवाद, मग त्याच्याभोवती संगीत आणि इतर ध्वनी, हा क्रम पाळावा. लहान खोलीत मात्र ८५ असह्य होतात, कारण तेथे भिंती जवळ असतात. घरच्या खोलीत ७६ ते ८२ च्या दरम्यान, खोलीच्या आकारमानाप्रमाणे पातळी धरावी आणि अखेरची तपासणी मोठ्या गृहात करावी.

दूरचित्रवाणीचा नियम वेगळा आहे. युरोपात २०१० पासून संपूर्ण कार्यक्रमाची सरासरी मोजून ती उणे २३ वर आणण्याची पद्धत आली. इंटरनेटवरील चित्रफितींसाठी पुष्कळ जण उणे १४ ही सरासरी धरतात. चित्रपटगृहात संवादांची सरासरी उणे २७ च्या आसपास असणे सर्वसामान्य आहे. म्हणजे इंटरनेटसाठी तयार केलेला ध्वनी तसाच मोठ्या पडद्यावर नेला, तर तो तेरा डेसिबलने चढा असतो. दहा डेसिबल वाढले की आवाज दुप्पट भासतो, हे लक्षात घेतले म्हणजे प्रेक्षक कानावर हात का ठेवतात ते कळेल.

काही वर्षांपूर्वी येथील तरुणांनी जुन्या वाड्यांवर एक माहितीपट केला. त्याचे निवेदन मी लिहिले होते. ध्वनी हेडफोनवर मिसळला होता. आरंभीच्या गाण्याने प्रेक्षक दचकले आणि यंत्रचालकाने बटण ७ वरून ४ वर आणले. त्या बटणावर ४ च्या वरचा प्रत्येक आकडा सुमारे सव्वातीन डेसिबलचा असतो. म्हणजे दहा डेसिबल गेले. गाणे सुसह्य झाले. परंतु पुढे एक वृद्ध बाई आपल्या माजघराविषयी हलक्या आवाजात बोलत होत्या. वातानुकूलन यंत्राच्या घरघरीत त्यांचे अर्धे बोलणे बुडाले. हेडफोनवर तोच आवाज कानाशी कुजबुजल्यासारखा स्पष्ट होता. यंत्रचालकाने प्रेक्षकांची सोय पाहिली. बिघाड त्याच्या हातात चित्रपट येण्यापूर्वीच झालेला होता.

असे वारंवार घडते तेव्हा एक दुष्टचक्र सुरू होते. चित्रपट चढे येतात म्हणून चित्रपटगृहे बटण खाली ठेवतात. बटण खाली असते म्हणून चित्रपट आणखी चढे केले जातात. मधल्या मध्ये, ज्याने प्रामाणिकपणे ७ साठी ध्वनी बांधला, त्याचे संवाद सर्वांत आधी हरवतात.

येथे मराठीच्या अभ्यासकाचा संबंध येतो. बोलण्याचा जोर स्वरांत असतो, पण अर्थाचा भार बराचसा व्यंजनांवर असतो. ‘ताट’ आणि ‘ताठ’ यांत फरक आहे तो केवळ शेवटच्या फुंकरीचा. ‘कात’ आणि ‘खात’, ‘काल’ आणि ‘काळ’, ‘मन’ आणि ‘मण’ यांतील भेदही असेच नाजूक आहेत. पातळी उतरली किंवा ढोलकी वर चढली, की स्वर उरतात आणि फुंकर बुडते. पुण्यातला प्रेक्षक संदर्भावरून शब्द भरून घेईल. आपली नातवंडे घरी मराठी आणि बाहेर गुजराती, हिंदी, इंग्रजी बोलतात. ज्या भाषेची सवय कमी, ती कळण्यासाठी गोंगाटाहून शब्द अधिक स्पष्ट असावा लागतो, हे कोणत्याही भाषाशिक्षकाला ठाऊक आहे. दोन वाक्ये निसटली, की तिसऱ्या वाक्याला मूल पडद्याखालची इंग्रजी अक्षरे वाचू लागते. मराठी चित्रपट पाहूनही मराठी त्याच्या कानावर पडत नाही.

म्हणून आपल्या तरुण मित्रांना तीन गोष्टी सांगतो. पहिली, संवाद आणि निवेदन मधल्या ध्वनिक्षेपकातच ठेवा. ते डाव्या-उजव्यांत वाटले, तर कडेला बसलेल्या प्रेक्षकाला आवाज पडद्यावरील माणसाकडून न येता जवळच्या कोपऱ्यातून येतो. दुसरी, चित्रपटगृहाला दिली जाणारी डिजिटल प्रत ध्वनी सुधारत नाही आणि बिघडवीतही नाही. त्यात ध्वनी न दाबता, सेकंदाला ४८ हजार नमुने या दराने जसाच्या तसा साठविला जातो. जी पातळी तुम्ही दिली, तीच पडद्यामागून येणार.

तिसरी गोष्ट खर्चाची नाही, पण बहुधा तीच राहून जाते. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चित्रपटगृहाकडून अर्धा तास मागून घ्या आणि वातानुकूलन चालू ठेवून, बटण ७ वर ठेवून चित्रपट ऐका. सर्वांत मोठे गाणे आणि सर्वांत हलका संवाद, दोन्ही ऐका. ऐकायला मात्र लेखकाला बसवू नका. त्याला शब्द पाठ असतात, आणि जे ऐकू येत नाही तेही त्याला ऐकू येते. ज्याने संहिता वाचलेली नाही अशा एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला शेवटच्या रांगेत बसवा आणि नंतर विचारा, काय कळले? ते जे सांगेल त्याप्रमाणे आपले मिश्रण बदला. भिंतीवरचे बटण दुसऱ्याच्या हातात असते. मिश्रण आपल्या हातात आहे.